रणजी म्हणजे रोजंदारी: सिन्नरच्या एका वडिलांना उत्तर

सिन्नरच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगा सतरा वर्षांचा, डावखुरा स्पिनर, जिल्ह्याच्या १९ वर्षांखालच्या संघात आहे आणि यंदा बारावी कॉमर्सला. वडील माळेगाव एमआयडीसीत सुपरवायझर. पुण्यातल्या एका अकादमीने त्यांना सांगितलंय, पोराला इथे ठेवा, दोन वर्षं फक्त क्रिकेट, रणजी नक्की. वडिलांना तीन गोष्टी हव्यात: रणजी खेळणाऱ्याला नेमकं मिळतं काय, ते किती वर्षं मिळतं, आणि त्यासाठी बारावी सोडू द्यावी का.

मी महाराष्ट्राकडून १७ रणजी सामने खेळलो, मीही डावखुरा स्पिनरच. गेली चौदा वर्षं नाशकात पोरांना शिकवतो. उत्तर लांबेल आणि मधेमधे माझं रडगाणंही येईल, तेवढं सांभाळून घ्या.

भाऊ, तुमच्या कारखान्यात दोन प्रकारची माणसं असतील. काही कायम, काही रोजंदारीवर. रणजी खेळाडू दुसऱ्या रांगेतला. त्याचा रोज भरपूर आहे, तुमच्या बिगाऱ्याला सांगितला तर त्याचा विश्वास बसणार नाही, पण शेवटी तो रोजच. हजेरी लागली तर पैसे, खाडा पडला तर काही नाही. आणि हजेरी लावणारा मुकादम वेगळाच कुणीतरी असतो. एवढं एकदा डोक्यात बसलं की बारावीचा निर्णय फारसा अवघड राहत नाही.

आता आकडे. सप्टेंबर २०२१ मध्ये बीसीसीआयने देशांतर्गत क्रिकेटचे दर वाढवले. ४० पेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६०,००० रुपये, २१ ते ४० सामने झालेल्याला ५०,००० आणि २० पर्यंत ज्याचे झालेत त्याला ४०,०००. त्याआधी सरसकट ३५,००० होते. हे रणजी आणि एकदिवसीय विजय हजारे स्पर्धेसाठी. सय्यद मुश्ताक अली टी-२० साठी मॅचचे १७,५००. संघात आहे पण अकरात नाही, अशा राखीव खेळाडूला सगळीकडे बरोबर निम्मे. २३ वर्षांखाली दिवसाला २५,०००, १९ वर्षांखाली २०,०००.

नवा पोरगा धरू. रणजीच्या वरच्या म्हणजे एलीट विभागात ३२ संघ, आठ-आठचे चार गट, म्हणजे साखळीत सात सामने. चार दिवसांचा एक, असे २८ दिवस. ४०,००० ने ११ लाख २० हजार झाले. हजारेच्या सात मॅच धरल्या तर २ लाख ८०, मुश्ताक अलीच्या सात धरल्या तर १ लाख २२ हजार ५००. एकूण सव्वापंधरा लाखांच्या जरा खाली. ४० सामने ओलांडलेला असेल तर हाच हिशोब सव्वाबावीस लाखांच्या आसपास जातो. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो, तो रिटर्न भरून पुढे बघायचा. मॅच संपली आणि दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे आले असंही होत नाही, कागद फिरायला वेळ लागतो. माझ्या हाताखालचे जे कुणी पुढे गेलेत त्यांना मी पहिल्याच वर्षी सीए गाठून देतो. बॅट नंतर घेतली तरी चालेल.

सव्वापंधरा लाख ऐकून तुमच्या घरात बरं वाटलं असेल. थांबा जरा. या हिशोबात एकही खाडा नाही. सातच्या सात रणजी, सगळ्या हजारे, सगळ्या मुश्ताक अली, तीनही प्रकारांत अकरा जणांत नाव. असे खेळाडू कुठल्याही राज्याकडे मोजके असतात. आणि दिवस मोजा: २८, ७ आणि ७. वर्षाच्या ३६५ दिवसांत हजेरीचे दिवस ४२. बाद फेरी गाठली तर थोडे वाढतील. बाकीच्या सव्वातीनशे दिवसांत जिम, खुराक, फिजिओ, प्रवास, बूट हे सगळं चालूच असतं, आणि ते खिशातून.

तोच पोरगा रणजीच्या संघात निवडला गेला, सगळ्या मॅचला बरोबर गेला, पण अकरात एकदाही आला नाही, तर त्याचे २८ दिवस २०,००० ने, म्हणजे ५ लाख ६० हजार. हेही वाईट नाही. मात्र ६०,००० च्या दरासाठी जे सामने मोजतात त्यात त्याच्या नावावर शून्य. दरवर्षी सातच्या सात खेळला तरी ४१ वा सामना सहाव्या हंगामात येतो. मधे बोट मोडलं, खांदा गेला, फॉर्म गेला, की तो आठव्या-नवव्या हंगामावर ढकलला जातो. माझे १७ झाले ते पाच हंगामांत. यावरून समजा.

रोजंदारी म्हणजे काय ते कोविडमध्ये सगळ्यांना दिसलं. २०२०-२१ ची रणजी रद्द झाली. १९३४-३५ पासून चालत आलेली स्पर्धा, ८७ वर्षांत पहिल्यांदा झाली नाही. ज्यांचं घर फक्त तिच्यावर चालत होतं त्यांच्याकडे त्या वर्षी सांगायला पगारच नव्हता. आधीच्या हंगामात खेळलेल्यांना निम्मी भरपाई द्यायचं बोर्डाने ठरवलं, ते सप्टेंबर २०२१ मध्ये. तोवर माझ्या ओळखीतला एक चांगला फास्ट बॉलर सासऱ्यांच्या द्राक्षबागेत डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, उभा राहत होता. तो हसून सांगायचा, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

राखीव बसणं म्हणजे काय, ते जरा जवळून सांगतो, कारण अकादमीवाले हे कधीच सांगत नाहीत.

माझा दुसरा हंगाम. आमच्याकडे आधीच एक डावखुरा होता, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला. मी चार मॅच संघाबरोबर फिरलो आणि चारही मॅच बाहेर. सकाळी सगळ्यांबरोबर वॉर्मअप करायचा. टॉसच्या आधी कॅप्टन पिचजवळ बोलावतो का, तिकडे कान. नाही बोलावलं की पांढऱ्या शर्टावर बिब घालायचा आणि ग्लोव्हज, टोप्या, बाटल्या यांचा हिशोब ठेवायचा. कोणत्या बॅट्समनला दर तासाला ग्लोव्हज बदलायचे असतात, कुणाला लिंबूपाणी लागतं, कुणाला नुसतं पाणी, हे सगळं आजही पाठ आहे. लंचला बाकीचे जेवायला गेले की राखीव विकेटकीपरला घेऊन बाजूच्या प्रॅक्टिस विकेटवर जायचं आणि चाळीस मिनिटं एकाच टप्प्यावर बॉल टाकत राहायचं. बघणारा फक्त माळी. पाचव्या मॅचला विकेट कोरडी होती, दोन डावखुरे खेळवायचं ठरलं, आणि मी पहिल्या दिवशी ३१ ओव्हर टाकल्या. दुसऱ्या दिवशी तर्जनीची कातडी फाटली. सुपरग्लू लावून बॉलिंग केली. ती मॅच चांगली गेली म्हणून पुढच्या हंगामात नाव राहिलं. त्या चार मॅचच्या लंचला मी जेवत बसलो असतो तर ३१ ओव्हर टाकायला बोट तयारच नसतं.

मुद्दा असा, की खेळायचे दिवस कसे काढायचे हे सगळेच शिकवतात. पण या धंद्यात कोण टिकतो ते खाड्याच्या दिवसांवर ठरतं. तुमच्या मुलाला विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे. टॅलंटचं नंतर.

आता तुमच्या मुलाची खुर्ची बघू. अकरा जणांत डावखुऱ्या स्पिनरची जागा सहसा एक, टर्निंग विकेटवर फार तर दोन. महाराष्ट्राकडे गेल्या काही वर्षांत या जागेसाठी आपल्याच नाशिकचा सत्यजित बच्छाव आहे, १९ वर्षांखालचा विश्वचषक २०२२ मध्ये जिंकून आलेला विकी ओस्तवाल आहे, हितेश वाळुंज आहे. एकाच खुर्चीभोवती तिघं. शिवाय बाहेरून पाहुणे खेळाडू येतात. २०२५-२६ च्या हंगामाआधी मुंबईचा पृथ्वी शॉ आला, केरळकडून खेळणारा जलज सक्सेना आला. जलज ऑफस्पिनर, पण स्पिनरची एक जागा गेली ती गेलीच. त्यात कुणाची चूक नाही, राज्याला मॅच जिंकायच्या असतात. पण तुम्ही जेव्हा पुण्याच्या अकादमीला दोन वर्षांचे पैसे भरता तेव्हा या रांगेत उभे राहता, हे माहीत असावं.

डावखुऱ्या स्पिनरांचं नशीब तसंही जुनंच आहे. हरियाणाचे राजिंदर गोयल यांच्या रणजीत ६३७ विकेट, स्पर्धेतल्या सगळ्यात जास्त. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांच्या प्रथम श्रेणीत, म्हणजे रणजीसारख्या अनेक दिवसांच्या मॅचमध्ये, ५८९. दोघेही एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्याच काळात भारताच्या संघात डावखुरे बिशनसिंग बेदी होते. मी लहान असताना आमचे सर शिवलकरांची बॉलिंग हाताने हवेत काढून दाखवायचे, बॉल कुठून सुटायचा आणि कुठे पडायचा ते. भारताकडून न खेळलेल्या माणसाची ॲक्शन नाशकातल्या मास्तरला पाठ होती.

कुणी म्हणेल, आयपीएल आहे ना. आहे. नाशिकचाच रामकृष्ण घोष ३० लाखांच्या मूळ किमतीला चेन्नईने घेतला तेव्हा आमच्या नेटवर पेढे वाटले गेले. २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे, त्यात नाशिकचा संघ आहे, जूनमध्ये पुण्याजवळ गहुंज्याला दिव्यांखाली मॅच होतात आणि टीव्हीवर दिसतात. तिथे चार ओव्हर चांगल्या पडल्या की स्काउट नाव लिहून घेतो. हे सगळं खरं आहे. पण टी-२० मध्ये फक्त बॉलिंग करणारा डावखुरा स्पिनर कुणालाच नको असतो. आठव्या नंबरवर येऊन बारा बॉलमध्ये पंचवीस काढणारा हवा असतो. तुमच्या पोराने गेल्या वर्षात बॅटिंगचं नेट किती तास केलं ते विचारा. बहुतेक बॉलरांचं उत्तर मला ठाऊक आहे. पॅड बांधायला रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहतात आणि अंधार पडला की सुटले म्हणतात.

(मुलगी असती तर आज मी थोडा वेगळा बोललो असतो. डिसेंबर २०२५ मध्ये बोर्डाने सीनियर महिलांचा दिवसाचा दर २०,००० वरून ५०,००० केला. तुमच्याच सिन्नरची माया सोनवणे, ती लेगस्पिनर, जिची ॲक्शन बघून लोक दक्षिण आफ्रिकेच्या पॉल ॲडम्सची आठवण काढतात, २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंजमध्ये खेळली. तिच्या आधी सिन्नरच्या पोरींना क्रिकेटचं ग्राउंड म्हणजे भावाला डबा द्यायची जागा होती.)

पोरगा तेवढा चांगला आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. मी त्याला पाहिलेलं नाही. पाहिला तर काय बघेन ते सांगतो. किती बॉल वळले ते मी बघत नाही. सतराव्या वर्षी सगळ्यांचे बॉल वळतात, विशेषतः आपल्याकडच्या मॅटिंगवर. मी बघतो ते पहिल्या दिवसाचं दुपारचं सेशन. विकेट पाटा, बॉल ४५ ओव्हर जुना, फास्ट बॉलर दमलेले. तेव्हा डावखुऱ्या स्पिनरचं काम म्हणजे एक एन्ड धरून ठेवणं. २५ ओव्हर, ५५ रन, १ विकेट. स्कोअरकार्डात हे कुणाच्या डोळ्यात भरत नाही, व्हॉट्सॲपवर कुणी टाकत नाही, पण कॅप्टनला हा बॉलर पुढच्या मॅचलाही हवा असतो, कारण त्याच्या जिवावर दुसऱ्या एन्डने फास्ट बॉलरांना आलटून पालटून आणता येतं. चौथ्या दिवशी फुटलेल्या विकेटवर सहा विकेट घेणारे मी खूप पाहिले. पहिल्या दिवशी पन्नास रन देऊन मॅच हातात ठेवणारे फार थोडे. त्याची जिल्ह्याची स्कोअरशीट घ्या आणि पहिल्या डावातल्या ओव्हर आणि रन फक्त बघा. विकेटचा रकाना हाताने झाका.

दुसरं, त्याचं बोट बघा. एसजीच्या बॉलची शिलाई उंच असते, रोज मनापासून स्पिन करणाऱ्या पोराच्या तर्जनीवर आतल्या बाजूने घट्टा पडतोच. बोट मऊ असेल तर तो बॉल ढकलतोय, फिरवत नाही.

पुढची शिडी तुम्हाला बहुतेक माहीत असेल, तरी थोडक्यात. आपण नाशिकवाले महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अखत्यारीत, मुंबई आणि विदर्भ वेगळे. जिल्ह्याकडून इन्व्हिटेशन स्पर्धा खेळायच्या, तिथून संभाव्य खेळाडूंच्या यादीत नाव, मग शिबिर, मग राज्याचा संघ. १९ वर्षांखाली विनू मंकड आणि कूचबिहार या स्पर्धा, पुढे २३ वर्षांखाली सी. के. नायडू स्पर्धा, मग सीनियर. सगळ्यात जास्त पोरं गळतात ती एकोणीस ते तेवीसच्या मधे. एकोणीसचं वय संपतं, तेवीसच्या संघात चार वर्षांची मुलं एकाच वेळी भांडत असतात, शिकायचं वयही तेच, घरातून विचारणा सुरू होण्याचंही तेच. आणि स्पिनर नेमका या वयानंतर पिकतो. माझी पहिली मॅच पंचविसाव्या वर्षी झाली. म्हणून दोन वर्षांत रणजी नक्की असं कुणी स्पिनरच्या बापाला सांगत असेल, तर त्याला एकतर स्पिन कळत नाही किंवा तुमचा खिसा चांगला कळतो.

वयावरून आठवलं. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, तिन्हीत तारीख एकच आहे ना, आजच बघा. लहान गटांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात आणि कागदात फेरफार सापडला तर बोर्डाच्या धोरणाप्रमाणे दोन वर्षांची बंदी आहे. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली तारीख ही आपल्या तालुक्यांत अजूनही निघते. तुमचा हेतू चांगला असला तरी तिथे ते ऐकून घेत नाहीत.

किती वर्षं चालतं? मनासारखं झालं तर बारा-पंधरा. अमोल मुजुमदारचं नाव घेतो, कारण तो या धंद्याचा सगळ्यात सरळ हिशोब आहे. रणजीतल्या पहिल्याच डावात हरियाणाविरुद्ध २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ रन, आणि भारताकडून एकही मॅच नाही. मग कोचिंग. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा कोच तोच. आम्ही सगळे त्या रात्री टीव्हीसमोर होतो आणि माझ्याबरोबर खेळलेला एक दाढीवाला गडी लहान मुलासारखा रडला. पण मुजुमदार एक. माझ्या बरोबरीच्या बाकीच्यांपैकी दोघं अंपायर आहेत, एक मॅचचं व्हिडिओ ॲनालिसिस करतो, एक ट्रेनर, तिघं बँकेत, एक प्लॉटचे व्यवहार करतो आणि त्याचं सगळ्यात बरं चाललंय. पेन्शन आहे, जून २०२२ मध्ये बोर्डाने माजी प्रथम श्रेणी खेळाडूंची १५,००० ची ३०,००० केली, पण तिला सामन्यांच्या संख्येची आणि निवृत्तीच्या वर्षाची अट आहे. तुमच्या पोराने तिच्यावर हिशोब मांडू नये. माझी १७ मॅचची पाटी तिथे चालत नाही.

आमच्या वेळी या खाड्यांवर एक औषध होतं, नोकरी. रेल्वे, बँका, इन्कम टॅक्स, मोठे कारखाने क्रिकेटसाठी माणूस घ्यायचे. मी एका कंपनीत लागलो, अर्धा दिवस ऑफिस, अर्धा दिवस ग्राउंड. सातव्या वर्षी नवा मॅनेजर आला, क्रिकेटचा संघ बंद, उद्यापासून पूर्ण वेळ टेबलावर या. त्या दिवशी मला एक्सेल उघडता येत नव्हतं. बी.कॉम. झालो होतो म्हणून निदान टेबल मिळालं, माझ्याबरोबरच्या बारावी न झालेल्या ऑलराउंडरला स्टोअरमध्ये पाठवलं. तो माझ्यापेक्षा कितीतरी सरस खेळाडू होता. अशा नोकऱ्या आता कमी झाल्यात, पण रेल्वे अजूनही स्वतःचा रणजी संघ उतरवते, आणि तिथल्या भरतीचा फॉर्म भरताना पहिल्याच पानावर शिक्षण विचारतात.

उन्हाळ्याचं काय, तर काही जण इंग्लंडमधल्या क्लबकडून खेळायला जातात. मी एक सीझन गेलो होतो. शनिवारी मॅच, बाकी दिवस पोरांना शिकवायचं आणि रोलर ओढायचा. पैशापेक्षा ओल्या विकेटवर बॉल हळू कसा सोडायचा ते शिकलो. परदेशातल्या टी-२० लीग मात्र डोक्यातून काढून टाका, इथे खेळत असेपर्यंत बोर्ड भारतीय पुरुष खेळाडूंना तिकडे सोडत नाही. आणि टेनिस बॉल. तुमच्या गावच्या यात्रेत रात्रीच्या मॅच होतात, मॅन ऑफ द सिरीजला बाइक असते, पोरगा नाही म्हणणार नाही. एखादी खेळला तर आभाळ कोसळत नाही. पण हंगामभर टेनिस बॉलने भराभर टाकून आलेल्या स्पिनरची ॲक्शन सरळ करायला मला पुढचे चार महिने लागतात, आणि अंधारात खडबडीत ग्राउंडवर पाय मुरगळला तर त्या बाइकचं पेट्रोलसुद्धा परवडत नाही.

तर बारावी. बारावी द्यायची. रणजीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, मधे मुश्ताक अली आणि हजारे, मग जानेवारी-फेब्रुवारीत रणजीचा दुसरा टप्पा. १९ वर्षांखालच्या स्पर्धाही साधारण याच महिन्यांत असतात. कॉमर्सच्या मुलाला जून ते सप्टेंबरच्या पावसात अभ्यासाला जितका वेळ मिळतो तितका खेळणाऱ्या कुठल्याच मुलाला मिळत नाही. ग्राउंड बंद, इनडोअर दोन तास, उरलेला दिवस मोकळा. त्या वेळात अकाउंट्स होत नसेल तर बॉलिंगही होणार नाही, मी शपथेवर सांगतो. नंतर बी.कॉम. मुक्त विद्यापीठातून करता येतं, ते तर आपल्या गंगापूर धरणाच्या रस्त्यालाच आहे.

पुण्याला पाठवूच नका असं मी म्हणत नाही. तिथे टर्फ विकेट जास्त, क्लबच्या मॅच जास्त, सिलेक्टरची नजर पडण्याची शक्यता जास्त. पण बारावीनंतर, आणि अकादमीत पाठवायचं असेल तर ती खेळायला मॅच देते का हे बघून. नेटला पैसे लागतात तसे नाशकातही लागतात, त्यासाठी सिन्नर-संगमनेर-चाकणचे पाच तास बसून जायची गरज नाही. आपल्या गोल्फ क्लबला, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, जानेवारी २०२५ मध्ये बडोद्याविरुद्धची रणजी झाली. माझी पोरं चारही दिवस येऊन बसली होती. मी त्यांना एकच काम दिलं होतं, आपल्या राखीव खेळाडूंवर नजर ठेवा. एक पोरगा वहीत लिहून आला: लंचला कोण जेवायला गेलं, कोण बाजूला बॉलिंग टाकत होतं. तो पोरगा स्वतः फार काही खास नाही, पण ती वही मी अजून ठेवलीय.

पैसे भरण्याआधी त्या पुण्याच्या अकादमीकडे तिच्या क्लबचं गेल्या हंगामाचं स्कोअरबुक मागा. द्यायला का-कू केली तर तिथेच उठा. दिलं तर त्यात सतरा-अठरा वर्षांच्या स्पिनरने वर्षभरात मिळून किती ओव्हर टाकल्या ते पेन्सिलीने मोजा. तीनशेच्या खाली भरल्या तर पोराला इथेच ठेवा आणि शनिवारी सकाळी सहाला त्याचे पॅड देऊन माझ्याकडे पाठवा. बॉल मी देईन.